टुबॅक, टूमस्टोन, बिझबी : ॲरिझोनाच्या वाळवंटातली जुनी गावं निवांत कशी बघावीत

ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात, टूसॉनपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, शंभरेक मैलांच्या पट्ट्यात तीन अगदी वेगळी गावं आहेत. टुबॅक हे १७५२ सालचं स्पॅनिश लष्करी ठाणं. टूमस्टोन १८७९ साली चांदीच्या जोरावर वसलं, तर बिझबी १८८० साली तांब्याच्या. फिनिक्स किंवा टूसॉनला मुलांकडे आलेल्या आईबाबांना घेऊन तीन दिवसांत ही सहल आरामात होते. रस्ते चांगले आहेत आणि गाडीत बसून राहण्याचा वेळही बेताचा आहे.

यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे तिन्ही गावं एका दिवसात उरकणं. अंतरं बघितली तर ते जमण्यासारखं वाटतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. सकाळी अकरा ते दुपारी चार ही दिवसभरासाठी आलेल्या पाहुण्यांची वेळ. तेव्हा ऊन डोक्यावर असतं, पार्किंग भरलेलं असतं आणि दुकानांच्या गर्दीत जुन्या इमारती नजरेआड होतात. तीच गल्ली सकाळी सात वाजता मोकळी असते, विटांवर तिरपं ऊन पडलेलं असतं आणि भिंतीवरची शंभर वर्षांपूर्वीची पुसट जाहिरातही वाचता येते. म्हणून गावाला एक रात्र द्या. एकच रात्र हाताशी असेल तर ती बिझबीला काढा. दोन असतील तर पहिली टूमस्टोनला, दुसरी बिझबीला.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतचा काळ उत्तम. इथे तारखेइतकंच उंचीकडेही लक्ष द्यावं लागतं. टूसॉन साधारण २,४०० फुटांवर आहे. टूमस्टोन ४,५०० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीला, आणि बिझबी ५,५०० फुटांवर, कळसूबाईच्या माथ्याहूनही किंचित वर. त्यामुळे जूनमध्ये टूसॉन चाळिशीला टेकलेलं असताना बिझबीत संध्याकाळी फिरता येतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र बिझबीला रात्री पारा शून्याच्या खाली जातो, एखाद्या वेळी बर्फही पडतं. सकाळी स्वेटर आणि दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट अशीच तयारी ठेवावी.

खोल्या मिळणं दोन वेळा अवघड असतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी टूमस्टोनला हेलडोराडो डेज हा गावाचा उत्सव आणि बिझबीला जिने चढण्याची ‘बिझबी १०००’ शर्यत हे दोन्ही सोहळे साधारण एकाच वेळी येतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टूसॉनमध्ये रत्नं आणि खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा शहरातल्या हॉटेलांचे दर चढतात. या तारखा टाळा, नाहीतर कित्येक महिने आधी आरक्षण करा.

शक्य असेल तर गुरुवार ते शनिवार असा बेत आखा. सोमवार-मंगळवार टाळलेले बरे, कारण छोट्या गावांतली बरीच खानावळं आणि काही संग्रहालयं नेमकी तेव्हाच बंद असतात. शिवाय स्वयंपाकघरं रात्री आठलाच आवरतात. नऊला जेवायची सवय असलेल्या घराला हे आधी सांगून ठेवावं.

निघण्याआधी : कागदपत्रं, गाडी, पाणी, खाणं

कागदपत्रांपासून सुरुवात करू, कारण यात हयगय झाली तर अडचण मोठी होते. सीमेपासून उत्तरेकडे येणाऱ्या रस्त्यांवर बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे सीमा पोलिसांच्या, तपासणी चौक्या आहेत. टुबॅकच्या उत्तरेला आय-१९ (इंटरस्टेट १९) या महामार्गावर एक आहे, टूमस्टोनहून बेन्सनकडे येताना राज्य मार्ग ८० वर दुसरी. देशाबाहेर पाऊल टाकलं नसलं तरी या चौक्यांवर गाडी थांबवून नागरिकत्व विचारलं जातं. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रं सतत जवळ बाळगावीत असा तिथला संघीय कायदा आहे. म्हणून :

- ग्रीन कार्ड असेल तर मूळ कार्ड.
- नोकरीच्या व्हिसावर असाल तर मूळ पासपोर्ट, आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद) ची छापील प्रत आणि आय-७९७ (अर्ज मंजुरीची नोटीस) ची प्रत.
- विद्यार्थ्यांनी पासपोर्ट, आय-९४ आणि आय-२० (शिक्षणसंस्थेने दिलेला प्रवेशाचा दाखला).
- भेटीला आलेल्या आईबाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची छापील प्रत.

शेवटचीच गोष्ट नेमकी विसरते. पासपोर्ट ‘जपून’ घरच्या कपाटात ठेवलेले असतात आणि मोबाइलमध्ये फक्त फोटो असतो. फोटोवर विसंबू नका. सगळी कागदपत्रं एका पाकिटात घालून पुढच्या सीटजवळ ठेवा, डिकीतल्या बॅगेच्या तळाशी नकोत. चौकीवर काचा खाली करा, काळे चष्मे काढा, विचारलं तेवढंच सरळ सांगा. आईबाबांना इंग्रजी जड जात असेल तर तसं अधिकाऱ्याला सांगून त्यांच्या वतीने तुम्ही बोला. एरवी हे मिनिटभरात आटोपतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट. नोगालेसमध्ये सीमेवर ‘जरा पलीकडे जाऊन येऊ’ असा मोह होतो. व्हिसावर एकदाच प्रवेशाची मुभा असेल किंवा त्याची मुदत संपलेली असेल, तर परत येताना फार मोठं संकट उभं राहू शकतं. हा बेत या सहलीत नकोच. भाड्याच्या गाडीच्या करारातही बहुधा मेक्सिकोला मनाई असते.

त्याच करारात कच्च्या रस्त्यांबद्दलचं कलमही वाचा. पुष्कळ कंपन्या कच्च्या रस्त्यावर झालेलं नुकसान भरून देत नाहीत. नकाशात जवळची वाट दिसली तरी पाटीवर डांबरी रस्ता संपल्याचं लिहिलेलं दिसताच मागे फिरा. इथे सांगितलेला सगळा मार्ग पक्क्या रस्त्यांचा आहे, साधी सेडान पुरते. निघायच्या सकाळी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा. हवा कमी असलेला टायर तापलेल्या डांबरावर जास्त चेपतो, आतून तापतो आणि फाटतो. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर आला की टाकी भरून घ्या. डोंगरांच्या आड मोबाइलला रेंज नसते, म्हणून टूसॉन ते सीमा एवढ्या पट्ट्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा.

पाणी माणशी एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, गाडीत कायम शिल्लक असू द्या. रोजच्या पिण्याच्या बाटल्या यात धरू नका. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही, लगेच वाळतो. त्यामुळे आपल्याला पाणी लागतंय हेच कळत नाही आणि दुपारी चारला डोकं ठणकायला लागतं. तहानेची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या. ओआरएसच्या पुड्या किंवा मीठ-साखर-लिंबू सोबत ठेवा. ओठ फुटणं, नाकातून थोडं रक्त येणं हे कोरड्या हवेत होतं. झोपण्यापूर्वी नाकपुड्यांच्या आत व्हॅसलीनचं बोट फिरवलं की पुष्कळ फरक पडतो.

शाकाहारी माणसाची या भागात उपासमार होत नाही, पण विचारल्याशिवाय खाऊ नये. जेवण सोनोरा (सीमेपलीकडचं राज्य) पद्धतीचं मेक्सिकन. घोटलेल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, लालसर भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, मैद्याच्या टॉर्टियाच्या (मेक्सिकन पोळीच्या) कणकेतही चरबीचं मोहन असू शकतं आणि हिरव्या मिरचीच्या रश्श्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढंच विचारलं तर ‘हो’ असं उत्तर मिळतं, कारण वर मांस दिसत नाही. म्हणून ‘यात लार्ड किंवा चिकन ब्रॉथ आहे का’ असं नेमकं विचारा. मक्याच्या टॉर्टियातले काळ्या बीन्सचे टाको, चीज भरलेली मिरची हे पदार्थ बहुतेक चालतात, पण मिरचीच्या आवरणात अंडं असतं. दशम्या, थेपले, चटणी आणि दाण्याचे लाडू तीन दिवस टिकतात, आणि संध्याकाळी खानावळ बंद निघाली तर तेच कामाला येतात.

पहिला दिवस : सांता क्रूझचं खोरं

टूसॉनहून सकाळी आठला निघून आय-१९ ने दक्षिणेला लागा. या महामार्गावर अंतरं किलोमीटरमध्ये लिहिलेली आहेत आणि एक्झिटचे क्रमांकही किलोमीटरवर बेतलेले आहेत. वेगमर्यादा मात्र मैलांतच आहे, गल्लत करू नका.

एक्झिट ९२ ला सान हाविएर देल बाक हे पांढरंशुभ्र चर्च आहे. मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसाराचं केंद्र) १६९२ सालचं, आजची इमारत १७८३ ते १७९७ मधली. ही तोहोनो ओओदाम या मूलनिवासी लोकांची जमीन आहे आणि चर्च आजही प्रार्थनेचं आहे. आत टोपी काढा, प्रार्थना सुरू असेल तर फोटो काढू नका, ड्रोन उडवू नका आणि अंगणात तळलेली भाकरी विकणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय घेऊ नका. पाऊण तास पुरतो.

पुढे थेट एक्झिट २९ ला टुमाकाकोरी गाठा आणि मग मागे वळून एक्झिट ३४ च्या टुबॅकला या. हा उलटा क्रम मुद्दाम आहे. टुमाकाकोरीच्या भग्न चर्चचं आवार उघडं आहे, ते ऊन चढण्याआधी बघितलेलं बरं. टुबॅकला सावली आहे, जेवायची सोय आहे, तिथे दुपार काढता येते.

टुमाकाकोरीत भिंतींसमोर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. चर्च कच्च्या विटांचं आहे : माती, वाळू, गवत कालवून उन्हात वाळवलेल्या विटा आणि वरून चुन्याचा गिलावा. चुना हवा खेळती ठेवतो, भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू देतो. विसाव्या शतकात अशा इमारती वाचवण्यासाठी पुष्कळ ठिकाणी सिमेंट लिंपलं गेलं. सिमेंटने ओल आतच कोंडली आणि विटा आतून मऊ होऊन ढासळू लागल्या. म्हणून आता डागडुजी पुन्हा माती-चुन्यानेच करतात. भिंत जमिनीलगत झिजलेली दिसते ती याच ओलीमुळे : पाणी जमिनीतून वर चढतं, वाळताना क्षार मागे ठेवतं आणि ते क्षार वीट पोखरतात. भिंतीला टेकू नका, मुलांना कठड्यांवर चढू देऊ नका. घंटेचा मनोरा अर्धवट दिसतो तो पडलेला नाही. बांधकाम १८०० च्या सुमारास सुरू झालं, पैसे आणि माणसं पुरली नाहीत आणि मनोरा कधी पूर्णच झाला नाही. १८४८ मध्ये उरलेली वस्तीही गाव सोडून गेली.

टुबॅकचं ठाणं उभं राहिलं ते १७५१ च्या पीमा या मूलनिवासी लोकांच्या उठावानंतर. हुआन बाउतिस्ता दे आन्सा या स्पॅनिश लष्करी अधिकाऱ्याने १७७५ मध्ये कॅलिफोर्नियाला नेलेला वसाहतवाल्यांचा तांडा इथूनच पुढे गेला. तिथल्या राज्य उद्यानात १८५९ साली ॲरिझोनातलं पहिलं वर्तमानपत्र छापणारं हातयंत्र ठेवलेलं आहे, ते चुकवू नका. बाकी गाव आता चित्रकारांच्या आणि मातीकामाच्या दुकानांचं आहे. ते आवडत असेल तर दोन तास द्या, नसेल तर तासाभरात निघा. दोन्ही गावांना जोडणारी चारेक मैलांची नदीकाठची पायवाट सुंदर आहे, पण नदीत दिसणारं पाणी मुख्यतः शुद्धीकरण केंद्रातून सोडलेलं असतं, त्यात पाय बुडवू नका.

दुपारी दोनच्या आत टुबॅक सोडा. नोगालेसमध्ये शिरताच राज्य मार्ग ८२ ची पाटी शोधा. ती हुकली तर रस्ता थेट सीमेच्या फाटकाकडे नेतो, म्हणून शेजारी बसलेल्याने नकाशावर डोळा ठेवावा. ८२ हा साधारण ६८ मैलांचा रस्ता पॅटागोनिया आणि सोनोइटावरून गवताळ टेकड्यांमधून जातो. वाळवंट म्हणजे नुसती वाळू ही कल्पना इथे पुसली जाते.

टूमस्टोनच्या अलीकडे सान पेद्रो नदीकाठी फेअरबँक हे सोडून दिलेलं गाव लागतं. टूमस्टोनच्या चांदीसाठी आलेली रेल्वे इथे थांबायची. शाळा, काही घरं आणि मोकळे चौथरे एवढंच उरलंय, आणि ते अर्ध्या तासात पाहून होतं. जमिनीवर काचेचे जांभळट तुकडे, गंजलेले खिळे, बशीचा कपचा दिसेल. उचलू नका. ही संघीय जमीन आहे, शंभर वर्षांहून जुनी वस्तू उचलणं १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ती वस्तू जिथे पडली आहे तिथेच तिला अर्थ आहे. नदीकाठच्या झाडीत मार्च ते ऑक्टोबर रॅटलस्नेक असतात. वाटेवरूनच चाला, दगडाखाली किंवा फळीखाली हात घालू नका.

टूमस्टोन : लढाईपेक्षा गाव बघा

एड शिफेलिन या माणसाला सैनिकांनी बजावलं होतं की या डोंगरात तुला तुझा थडग्याचा दगडच सापडेल. त्याला १८७७ मध्ये चांदी सापडली आणि खाणीला त्याने तेच नाव दिलं. गावाची भरभराट जेमतेम सात-आठ वर्षं टिकली. १८८१ आणि १८८२ मध्ये दोन मोठ्या आगी लागल्या. पण गाव बुडवलं ते पाण्याने. सुमारे ५२० फुटांवर खाणीत पाणी लागलं, ते उपसायला प्रचंड पंप बसवले आणि १८८६ मध्ये ते पंपच जळाले. वर लोक पाण्याला महाग होते, पिण्याचं पाणी वीसेक मैलांवरच्या वाचूका डोंगरातून नळाने आणलं होतं, आणि खाली खाणी पाण्याखाली जात होत्या. हे लक्षात ठेवून गावात फिरलं की रस्त्यावरच्या बंदुकांच्या खेळापलीकडचं टूमस्टोन दिसू लागतं.

सकाळी सातला ॲलन स्ट्रीटवर जा. हा रस्ता गाड्यांना बंद आहे, दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे पदपथ आहेत. फळ्या वरखाली आहेत, काठी घेऊन चालणाऱ्यांनी जपून चालावं. दुकानं उघडण्याआधी इमारतींचे वरचे मजले, विटांच्या कमानी नीट बघता येतात. गावचे कायदारक्षक आणि ‘काउबॉय’ टोळी यांच्यातली २६ ऑक्टोबर १८८१ ची प्रसिद्ध गोळीबारी ओके कोरल या घोड्यांच्या तबेल्यात झाली असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती कोरलच्या मागच्या बाजूला, फ्रीमॉन्ट स्ट्रीटलगत, फ्लाय यांच्या फोटो स्टुडिओशेजारच्या अरुंद मोकळ्या जागेत झाली. फ्रीमॉन्ट स्ट्रीट म्हणजेच आजचा मार्ग ८०. अर्ध्या मिनिटात तीसेक गोळ्या झाडल्या गेल्या आणि बिली क्लँटन, टॉम व फ्रँक मॅक्लॉरी असे टोळीतले तिघं मेले.

नऊच्या सुमारास १८८२ चं कोर्टहाउस उघडतं. गावात एकच तिकीट काढायचं असेल तर ते याचं काढा, दीड तास द्या. कोचीस काउंटीचा (जिल्ह्याचा) कारभार १९२९ पर्यंत इथून चालायचा, मग तो बिझबीला गेला. काउंटीला नाव ज्या कोचीसचं आहे तो याच डोंगरांतला अपाचे नेता. ही जमीन आधी कोणाची होती हे विसरून खाणींचा इतिहास वाचू नये.

त्यानंतर वेळेप्रमाणे बर्ड केज थिएटर, आणि मार्च-एप्रिलमध्ये असाल तर १८८५ साली लावलेला लेडी बँक्स जातीचा पांढरा गुलाब. एकाच खोडाचा हा वेल मांडवावर हजारो चौरस फूट पसरला आहे आणि फुललेला असताना खरंच थांबून बघण्यासारखा आहे. गावाच्या उत्तर टोकाच्या बूटहिल दफनभूमीतल्या बहुतेक पाट्या नंतर नव्याने लावलेल्या आहेत, त्यामुळे फलक वाचताना पुरावा आणि दंतकथा वेगळी ठेवा. गोळीबाराच्या नाट्यखेळात काडतुसं पोकळ असली तरी आवाज कानठळ्या बसवणारा असतो. लहान मुलांना मागच्या बाकावर बसवा. रस्त्यावर कमरेला खरं पिस्तूल लावलेला साधा नागरिकही दिसेल. ॲरिझोनात ते कायदेशीर आहे, घाबरून जाऊ नका.

दुपारी बारा-एकला, गर्दी वाढली की निघा.

बिझबी : जिन्यांचं गाव

टूमस्टोनहून मार्ग ८० ने २४ मैल. म्यूल पासचा बोगदा संपताच रस्ता झपकन उतरतो आणि जुन्या बिझबीचा फाटा लगेच येतो, बोगद्यातूनच वेग कमी करा. गाव एका अरुंद घळीत आहे आणि घरं दोन्ही उतारांवर एकावर एक रचलेली. वरच्या गल्ल्यांत गाडी घालू नका : एकच गाडी जाईल एवढी वाट, वळायला जागा नाही, समोरून कोणी आलं की चढावर मागे घ्यायची वेळ येते. गाडी खाण-सहलीच्या इमारतीजवळच्या मोकळ्या पार्किंगमध्ये लावा, तिथून गावात पाच-दहा मिनिटांत चालत जाता येतं.

खोली घेताना तीन प्रश्न विचारा : रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावायची. घरगुती खोल्यांचे फोटो मोहक असतात आणि तिथे पोचायला ऐंशी पायऱ्या बॅगा घेऊन चढाव्या लागू शकतात. गुडघे दुखणाऱ्या आईबाबांसाठी मेन स्ट्रीटलगतचं हॉटेल घ्या. १९०२ सालचं कॉपर क्वीन हॉटेल गावाच्या मधोमध आहे. तिथे राहिला नाहीत तरी व्हरांडा बघून या.

पहिल्या संध्याकाळी फक्त चाला. मेन स्ट्रीट, ब्रुअरी गल्च आणि पाय साथ देतील तेवढे जिने. १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारी रोजगार योजनेतून हे काँक्रीटचे जिने बांधले गेले. पायऱ्यांवर डब्ल्यूपीए अशी त्या योजनेच्या नावाची अक्षरं ओल्या काँक्रीटमध्ये उठवलेली दिसतात. शर्यतीत नऊ जिने आणि हजाराहून जास्त पायऱ्या असतात. आपण दोन जिने चढलो तरी गावाची मांडणी कळते. रस्त्याकडेचे खोल काँक्रीटचे नाले नुसते ओलांडून जाऊ नका. खाणीच्या आधारासाठी आणि भट्ट्यांसाठी आजूबाजूची झाडं तोडली गेली, डोंगर बोडके झाले आणि पावसाचं पाणी थेट गावात घुसू लागलं. ते नाले त्यावरचा उपाय आहेत. साडेपाच हजार फुटांवर दम लवकर लागतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी जिने सोडून द्यावेत, मेन स्ट्रीटवरच पाहण्यासारखं पुष्कळ आहे.

दुसऱ्या सकाळी क्वीन माइन या जुन्या तांब्याच्या खाणीची सहल. आरक्षण आधीच करा आणि अर्धा तास लवकर पोचा. हेल्मेट, दिवा आणि पिवळा अंगरखा देतात. मग घोड्यावर बसतात तसं दोन्ही बाजूंना पाय सोडून छोट्या आगगाडीवर बसायचं. डोंगरात दीडेक हजार फूट आत जातात. बाहेर कितीही ऊन असो, आत वर्षभर ४७ अंश फॅरनहाइट, म्हणजे जेमतेम ८ सेल्सिअस असतं, जाकीट हवंच. बंद बूट घाला. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तेव्हा घरातल्या एकाने बाहेर थांबायचं आधीच ठरवा. कंबर किंवा खुबा दुखत असेल तर त्या बैठकीत त्रास होतो. बंद जागेची भीती वाटत असेल तर सुरुवातीलाच गाईडला सांगा. सव्वा तासात सुरुंग कसा लावायचे ते दाखवतात : भोकं एकदम उडवत नाहीत. मधली आधी उडवून पोकळी करायची, मग कडेची, म्हणजे खडक त्या पोकळीत आत कोसळतो. वाती कमी-जास्त लांबीच्या कापून हा क्रम साधला जायचा. ही एक गोष्ट समजून घेतली तरी तिकिटाचे पैसे वसूल.

फेल्प्स डॉज या खाण कंपनीच्या १८९७ च्या जुन्या कचेरीत गावाचं संग्रहालय आहे. तिथे १९१७ च्या हद्दपारीचा भाग थांबून वाचा. १२ जुलैच्या पहाटे शेरीफ हॅरी व्हीलरच्या हाताखालच्या सुमारे दोन हजार सशस्त्र लोकांनी संपावरच्या खाणकामगारांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना घराघरांतून उचललं, शेजारच्या वॉरेन वस्तीतल्या बेसबॉल मैदानात जमवलं आणि जवळजवळ बाराशे जणांना गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं. त्यात मेक्सिकन आणि युरोपातून आलेले स्थलांतरित बहुसंख्य होते. ते मैदान आजही आहे, गाडीने दहा मिनिटांवर.

मैदानाकडे जाताना मार्ग ८० लगत लॅव्हेंडर पिट लागते. नाव फुलाचं नव्हे, हॅरिसन लॅव्हेंडर या कंपनी अधिकाऱ्याचं. सुमारे नऊशे फूट खोल खड्डा, १९७४ मध्ये उत्खनन थांबलं आणि पुढच्या वर्षी भूमिगत खाणीही बंद पडल्या. पुढचं लोवेल हे उपनगर या खड्ड्याने जवळजवळ गिळलं. उरलेल्या एरी स्ट्रीटवर जुन्या गाड्या आणि पाट्या मांडून ठेवल्या आहेत. इथूनच निघालेला ‘बिझबी ब्ल्यू’ फिरोजा प्रसिद्ध आहे. उत्खनन बंद असल्यामुळे खरा माल थोडा आणि महाग, त्यामुळे स्वस्त अंगठीवर ते नाव दिसलं तर घेऊ नका.

रस्त्यावर काय बिघडतं

१५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला पावसाळा. दुपारनंतर डोंगरात वीस मैलांवर पाऊस पडतो आणि आपल्यासमोरचा कोरडा ओढा आकाश निळं असताना भरून वाहतो. रस्त्याच्या सखल भागात पाणी दिसलं तर थांबा. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलून नेतं, आणि खालचा रस्ता वाहून गेलाय का हे वरून दिसत नाही. अडथळे ओलांडून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करण्याचा कायदा ॲरिझोनात आहे. पाणी बहुतेक वेळा एक-दोन तासांत ओसरतं.

धुळीचं वादळ विशेषतः फिनिक्स-टूसॉन दरम्यान आय-१० वर गाठतं. समोर धुळीची भिंत दिसली तर तिच्यात शिरू नका, आधीच्याच एक्झिटला बाहेर पडा. अडकलातच तर गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर घ्या, इंजिन बंद करून सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरून पाय काढा. दिवे बंद करणं उलटं वाटतं, पण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यामागे चालत राहतो आणि उभ्या गाडीवर येऊन आदळतो. पट्टे लावून आत बसून राहा. रस्त्यांची ताजी माहिती ५११ या फोन क्रमांकावर मिळते.

चोया निवडुंगाचे गोळे नुसत्या स्पर्शाने कपड्यांना चिकटतात. हाताने ओढू नका, त्याच हाताला लागतात. मोठ्या दातांचा कंगवा गोळ्याखाली सरकवून झटक्यात उडवा, मागे राहिलेले काटे चिमट्याने काढा. सोडलेल्या खाणींच्या तोंडाशी अजिबात जाऊ नका. आतल्या वायूला वास नसतो आणि कुजलेल्या फळ्यांखाली शंभर फुटांची विहीर असू शकते.

अंधार पडल्यावर या रस्त्यांवर हरणं आणि गुरं येतात, म्हणून परतीचा प्रवास उजेडी करा. बिझबीहून बेन्सनमार्गे टूसॉन साधारण ९५ मैल, दोन तासांच्या आत. गावं जवळ आली की वेगमर्यादा ६५ वरून झपाट्याने खाली येते आणि पोलीस तिथेच उभे असतात. टूमस्टोन ओलांडल्यावर चौकी लागेल, पाकीट हाताशी घ्या. घरी परतल्यावर एक ते तीन आठवड्यांत ताप, खोकला आणि न जाणारा थकवा आला तर डॉक्टरांना ‘ॲरिझोनाच्या धुळीत फिरून आलोय’ हे आवर्जून सांगा. तिथल्या मातीतल्या बुरशीमुळे व्हॅली फीव्हर होतो आणि त्याची लक्षणं साध्या न्यूमोनियासारखी दिसतात. आईबाबा तोवर पुण्या-नाशिकला परतले असतील तर तिथल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार सहसा येणार नाही, म्हणून त्याचं नाव एका कागदावर लिहून त्यांच्या फायलीत ठेवून द्या.